डोक्यावरची बटणं

महाडमध्ये घर बघायला गेलं की लोक खोल्या किती ते नंतर विचारतात. आधी विचारतात, पुराचं पाणी कुठवर आलं होतं? मी मुद्दामच विचारलं नाही. कारखान्यात पंधरा वर्षं राबूनही माझ्या पगारावर बँक जेवढं कर्ज देत होती, त्यात तळमजल्यावरचंच घर बसत होतं. वरच्या मजल्यांचे भाव ऐकूनच मी माघारी फिरायचो.

मालकाने भिंतींना ताजा रंग दिला होता. "उजेड छान आहे," असं मी दोनतीनदा म्हणालो. बायको मात्र तुडीलची, सावित्रीच्या काठावर वाढलेली. ती उजेडाकडे बघेचना. तिची नजर विजेच्या बटणांवर गेली. सगळी तिच्या डोक्याच्या वर बसवलेली. टाचा उंचावून हात ताणला, तेव्हा कुठे तिची बोटं पोचली.

"लहान मुलांचा हात लागायला नको म्हणून," मालक घाईघाईने म्हणाला.

असला राग आला मला! खोटारडा तो होताच, पण मान मी डोलावली होती.

बाहेर पडल्यावर चवदार तळ्यापाशी रिक्षाची वाट बघत उभे होतो, तेव्हा बायकोने विचारलं, "आत माळा टाकता येईल का हो?"

"येईल की. पण सामान असं किती आहे आपलं?"

"सामानासाठी नाय," ती म्हणाली. "आपण चौघं बसू एवढा हवा."