विलासराव पुण्याला गेले

फोन आला तेव्हा मी शाहूपुरीतल्या माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकाला पाण्याची मोटर खपवत होतो. पलीकडून शालनताई, माझ्या बायकोची थोरली बहीण. आवाज कोरडा. "सुरेशराव, झालं सगळं. आत्ताच गेले." मी तोंड उघडायच्या आत पुढचं वाक्य आलं, "आणि पुण्याचं तेवढं सांभाळा." नवरा गेल्यावरचं बाईचं हे दुसरं वाक्य! खुद्द विलासरावांनी ऐकलं असतं तर टाळी दिली असती... कारण पुण्याचं नाटक त्यांनीच रचलं होतं आणि त्यात माझ्याकडं नको तेवढी मोठी भूमिका दिली होती.

विलासराव माझे साडू. दोन परक्या पुरुषांना एकाच सासुरवाडीत सोडायचं आणि जन्मभर त्यांची झुंज बघत बसायचं, असं हे नातं. ते थोरले जावई. उचगावात पेंडीचं दुकान, अंगात कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, आणि आवाज असा की हे सोप्यात बोलले तर गोठ्यातल्या म्हशी माना वळवायच्या. मला हा माणूस आवडत नव्हता. मेल्यावर माणूस चांगला होतो म्हणतात. मी महिना-दीड महिना वाट बघितली, अजून तरी झालेला नाही.

त्यांना एकच नाद होता. पेशंट बघायला जाणं. आमच्याकडं कुणी आजारी पडलं की पै-पाहुण्यांनी शहाळी घेऊन दवाखान्यात हजेरी लावायची, आणि जो आला नाही त्याचं नाव पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवायचं, ही रीतच आहे. विलासरावांनी तिचा धंदा केला होता. चुलत्याच्या व्याह्याचा भाऊ असो की दुकानातल्या गिऱ्हाइकाची सासू, हे पोचलेच. खोलीत शिरले की रोग विचारायचे नाहीत. आधी वर बघायचे. "एसी हाय न्हवं?" मग संडास-बाथरूमचं दार उघडून बघायचे, पेशंटसाठी आणलेली द्राक्षं स्वतः खायचे आणि निकाल द्यायचे. खाजगी दवाखाना असला तर, "पोरं चांगली निघाली." सरकारी असला तर बाहेर येऊन, पण पेशंटला ऐकू जाईल अशा आवाजात, "टाकलाय व्हय हितं? कोण न्हाय का रं ह्याला?" एकदा तर माझ्या कामगाराच्या आईला त्यांनी सरकारी खाटेवरून उठवून खाजगीत न्यायला लावलं. म्हातारी ज्या डॉक्टरकडं बरी होत होती, तोच डॉक्टर संध्याकाळी त्या खाजगीत तिला तपासायला आला! मी हे विलासरावांना सांगितलं तर म्हणाले, "पावणं, डाक्टर तोच असंल, पर गादी बघा की."

आपल्या आरोग्यव्यवस्थेचं सगळं गुपित त्या गादीत आहे. कागदावर ती एखाद्या जिन्यासारखी सुंदर आहे. गावात उपकेंद्र, त्याच्यावर प्राथमिक आरोग्य केंद्र, त्याच्यावर तालुक्याचं रुग्णालय आणि सगळ्यांच्या वर जिल्ह्याचं. खालच्यानं तपासायचं, झेपलं नाही की वर पाठवायचं. प्रत्यक्षात ज्याला परवडतं तो एकही पायरी न चढता शेजारच्या लिफ्टनं वर जातो. मग जिन्यातला दिवा गेला काय आणि नळ तुटला काय, ओरडणार कोण? ज्यांच्या ओरडण्यानं साहेब खुर्चीतून उठतो, ते तिथं जात नाहीत. जे जातात त्यांना "गप बसा, फुकट आहे ना" असं सांगता येतं. सरकारनं त्यावर तोड म्हणून योजना काढली, की खाजगीत जा, काही ठरावीक ऑपरेशनं आमच्या खर्चानं करून घ्या. म्हणजे जिना दुरुस्त करायचा नाही, लिफ्टवाल्याला भाडं द्यायचं. आणि लिफ्टवाला ठरवणार, आज कुणाला घ्यायचं.

चार महिन्यांपूर्वी विलासरावांच्या छातीत कळ आली. गावच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी ईसीजीची पट्टी काढली, जिभेखाली गोळी दिली आणि सरकारी ॲम्ब्युलन्स दारात उभी केली. जिल्ह्याच्या दवाखान्यात फोनही केला. सगळा जिना, त्या एका दुपारी, चक्क चालू होता! आणि आमचे विलासराव, घामानं निथळत, म्हणाले, "ह्या गाडीतनं न्हाय जायचा. चौकातनं जाताना समदं गाव बघंल." भाच्याची मोठी गाडी येईपर्यंत ते ओट्यावर बसून राहिले. घरनं मागवून शर्टसुद्धा बदलला म्हणे. हार्ट अटॅकला जाताना इस्त्रीचा शर्ट घालणारा माणूस उभ्या हिंदुस्थानात फक्त आमच्याच जिल्ह्यात सापडेल.

माझ्या दुकानाजवळच्याच एका खाजगी दवाखान्यात दरबार भरला. जन्मभर बघितलेल्या पेशंटांनी परतफेड केली. शहाळ्यांचा ढीग, बिस्किटांचे पुडे, आणि मध्ये नाकात नळी घालून विलासराव. बायपास करावी लागणार होती. ती योजनेत बसत होती. आरोग्यमित्र म्हणून एक पोरगी येते, रेशनकार्ड बघते, पेशंटचा फोटो काढते, तो मुंबईला जातो आणि तिथून मंजुरी येते. ती बिचारी मोबाईल घेऊन आली आणि म्हणाली, "काका, इकडं बघा, योजनेचा फोटो." खोलीत सगळी भावकी. विलासरावांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. "कसली योजना? आपल्याला न्हाय लागत." भावकीनं कौतुकानं माना डोलावल्या. पुढं सगळे गेल्यावर शालनताईंनी त्यांना फोटोला राजी केलं, तर दवाखाना म्हणाला, आता आमच्याकडं योजनेची खाट नाही, रोखीनं करत असाल तर उद्या. थांबण्यात दिवस गेले. हृदय फुगलं, किडनीनं मान टाकली. खाजगी दवाखान्यांचा एक नियम मी पाहून ठेवलाय. पेशंट सुधारत असला की तो त्यांचा, बिघडायला लागला की तो सरकारचा. एका सकाळी मोठे डॉक्टर फार गोड आवाजात म्हणाले, "आता सरकारीत हलवलेलं बरं."

विलासरावांनी माझा हात धरला. आयुष्यात पहिल्यांदा. म्हणाले, "पावणं, एक करा. समद्यास्नी सांगा, मला पुण्याला नेलाय. मोठ्या दवाखान्यात. भेटाय सोडत न्हाईत म्हणा."

मी सांगितलं. आणि काय सांगितलं! पुण्याचे डॉक्टर, काचेची खोली, परदेशी मशीन... मला बोलायला मिळालं की मी थांबत नाही. भावकी गार. आणि विलासराव उचगावापासून हाकेच्या अंतरावर, सरकारी वॉर्डात भिंतीकडच्या कॉटवर. औषध आलं तर सुई नाही, सुई आली तर सिस्टर दुसऱ्या वॉर्डात, कारण दोन वॉर्डांना मिळून ती एकटी. "बाहेरून आणा" हे दोन शब्द तिथं नमस्कारासारखे वापरतात. पण डायलिसिस होत होतं, वेळच्या वेळी. एक तरुण डॉक्टर उभ्यानं चहा पिता पिता अख्खा वॉर्ड ओढत होता. ज्याला भेटायला रांग लागायची त्या माणसाला भेटायला शालनताई सोडल्या तर मी एकटा. "आज कोण आलं न्हाय?" ते विचारायचे. मी म्हणायचो, "तुम्ही पुण्यात आहात." एकदा नुसतंच म्हणाले, "लांब हाय ओ पुणं..."

"सांगू का सगळ्यांना खरं?" मी एकदा विचारलं. खरं सांगतो, मला ते सांगायची घाईच झाली होती. त्यांनी वर छताकडं बघितलं. मग म्हणाले, "नगं."

पण नाद तो नाद. पुढच्या वेळी गेलो तर कॉट रिकामी. बघतो तर पलीकडं, सलाईनचा स्टँड हातात धरून, पायाला बँडेज बांधलेल्या एका म्हाताऱ्याच्या उशाशी विलासराव बसलेले! म्हातारा साखरेचा पेशंट, सगळे त्याला आण्णा म्हणत. "काय आण्णा, झोप लागली का?" रोग विचारत होते! मग पुढच्या कॉटकडं. रोज फेरी. मी आणलेली मोसंबी सोलून वाटायचे. मोसंबी माझी, नाव त्यांचं.

ते वारले दुपारी. आता पुण्याहून मयत यायला वेळ लागायला हवा ना! म्हणून आम्ही शववाहिका हायवेला एका ढाब्यामागं लावून ठेवली आणि संध्याकाळी पुण्याच्या बाजूनं गावात आणली. ड्रायव्हर दोनदा म्हणाला, "साहेब, असलं गिऱ्हाईक पहिल्यांदाच." गावानं हळहळ केली, "पुण्याला नेऊनबी वाचला न्हाय."

उत्तरकार्याला मांडव भरला होता. जेवणं सुरू होणार एवढ्यात कुबडी टेकत आण्णा आले, मागं अजून तिघं. आण्णांनी हात जोडले. "आमी त्यांच्या वार्डातलं. गाव इचारत आलो." विलासरावांचे चुलते उठले. "पुण्यास्नं आलासा? एवढ्या लांबनं?"

"पुणं? न्हाय ओ. हितलाच की, सरकारी दवाखाना."

सगळ्यांची नजर माझ्याकडं. मी बोलायचं सोडून, आयुष्यात प्रथमच, पाण्याचा जग उचलला आणि वाढायला लागलो. शालनताई उठल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला. "व्हय. हितंच हुते. तुमास्नी कळू दिलं न्हाय. तुमी काय म्हणशीला, हेच भ्या हुतं त्यांस्नी." एवढं बोलून त्यांनी स्वतः आण्णांसाठी खुर्ची ओढली. चुलत्यांनी मान खाली घातली. त्यांनीही जन्मभर वरच बघितलं होतं, एसी आहे का ते.

आण्णा सावकाश टेकले. म्हणाले, "सकाळी ड्रेसिंगला गेलतो. त्यांच्या कॉटवर नवं पेशंट आलंय. बसलो वाईच त्याच्यापाशी."

"कोण हाय ओ ते तुमचं?" चुलत्यांनी विचारलं.

"कोण न्हाय," आण्णा म्हणाले. "त्याला कोण आलं नव्हतं."