बाहेर तोंड केलेले बूट

आमच्या दारातल्या चपला ते रोज फिरवायचे. टाचा घराकडे, टोकं बाहेर. पाहुण्यांच्यासुद्धा. वर मलाच दम, "बहन, जूता बाहर देखेगा. भागना है तो?"

"या गुडघ्यांनी मी कुठं पळणार, बाबा?"

"गुडघा खराब, तो जूता जल्दी मंगता."

हे शेजारचे कोरियन बाबा. पूर्वी आखातात आपल्या सुतारांबरोबर काम केलेलं, तिथलं हे हिंदी. तेव्हा माझ्यासारखेच सौदीत मुलाकडे राहत. त्यांचा मुलगा आणि माझा मुलगा दम्मामजवळ एकाच कारखान्यात, समुद्राचं पाणी गोडं करायच्या कामावर.

माणूस एका जागी बसेल तर शपथ. चहा उभ्यानं. कप ठेवला की खिडकी, खिडकीतून दार. तुम्हाला बघूनच चक्कर आली असती.

मग एक्क्याण्णवची आखाती लढाई सुरू झाली. सायरन वाजला की आम्ही सगळे आमच्याच एका खोलीत. विषारी वायू आत येऊ नये म्हणून खिडक्यांना चिकटपट्टी, दाराखाली ओला टॉवेल. बाबा तिथंही बूट घालून उभे. एकदा मी भडकले, "काढा ते! समोर देव आहेत."

काढले. पण हातात धरून उभे राहिले, आणि सांगू लागले.

सतरा वर्षांचे होते. कोरियावर जपान्यांचं राज्य, आपल्यावर इंग्रजांचं होतं तसं. हे आणि एक मित्र चोरून पत्रकं छापायचे. पहाटे पोलीस आले. दारात बूट उलटसुलट पडलेले. घाईत यांनी मित्राचे चढवले आणि पळाले. यांचे मित्राच्या पायात शिरेनात. तो बर्फात अनवाणी किती पळणार?

"पकडा. खलास," बाबा म्हणाले. "उसका जूता, मैं भागा."

 

पुढच्या आठवड्यात बायकामुलांना आणि म्हाताऱ्यांना जेद्दाला हलवायचं ठरलं. तिथवर क्षेपणास्त्रं पोचत नव्हती. कारखाना चालवणारे मात्र मागं राहणार. सकाळी बस आली. सगळे चढले, बाबा नाहीत. ड्रायव्हर "यल्ला, यल्ला" ओरडत घाई करतोय, आणि मी लंगडत त्यांच्या दारी.

दार उघडं होतं. बाबा खुर्चीत टेकून बसले होते. बसलेले मी प्रथमच पाहिले.

"उठा! बस निघाली."

"बेटा इधर है, बहन. मैं नहीं भागेगा. तुम जाओ."

मी वाद घातला, चार शिव्याही दिल्या. हलले नाहीत. त्यानंतर ते मला कधी दिसले नाहीत. आम्ही जेद्दाहूनच मुंबईला परतलो.

त्या सकाळी त्यांच्या दारातून निघताना उंबऱ्याशी त्यांचे बूट दिसले. टोकं घराकडे. फिरवून ठेवावेत म्हणून मी वाकले.

आतून आवाज आला, "रहने दो, बहन."