प्रार्थना करून सांगतो

आमच्या मंडळीत "नाही" म्हणायची पद्धत नाही. बाहेरच्यांसाठी सांगते, आम्ही ख्रिस्ती लोक चर्चच्या परिवाराला मंडळी म्हणतो. तर या मंडळीत कोणी काही मागितलं, कुठे बोलावलं, गळ घातली, की माणूस डोळे जरा खाली करतो आणि म्हणतो, "प्रार्थना करून सांगतो." समोरचाही आपल्यातलाच असतो. तो काय ते समजतो, "हो हो, अवश्य करा," म्हणतो आणि दुसरं घर बघतो. पुन्हा विचारायला येत नाही. आलाच तर तोच अडाणी ठरतो.

आमचे हे या विद्येत पारंगत. अकोल्यातल्या आमच्या मंडळीचे ते पंच, त्यामुळे त्यांच्याकडे मागणारेही फार. खजिनदार व्हाल का? उपासनेला आलेले पाहुणे घरी ठेवता का? जुनी स्कूटर विकता का? सगळ्याला एकच उत्तर. एकदा शेजारणीनं मिक्सर मागितला तेव्हाही सवयीनं तेच निघालं तोंडातून. ती बिचारी हिंदू. तिला वाटलं, आत जाऊन प्रार्थना करतील आणि मग मिक्सर आणून देतील. दारात उभीच राहिली. शेवटी मी स्वयंपाकघरातून मिक्सर नेऊन तिच्या हातात दिला आणि यांच्याकडे असं पाहिलं की दोन दिवस हे वर्तमानपत्राआड बसले.

माझं माहेर पातूरचं. वडील प्राथमिक शाळेत मास्तर, श्रद्धेनं पक्के आणि तोंडानं फटकळ. ते म्हणायचे, ख्रिस्ती माणसाची ओळख गळ्यातल्या क्रुसावरून होत नाही, हो ला हो आणि नाही ला नाही म्हणण्यावरून होते. लग्न होऊन आले तेव्हा सासरची ही गोड भाषा ऐकून मला वाटलं, काय देवभीरू माणसं आहेत, उठता-बसता प्रार्थना! कळायला एक वर्ष लागलं. त्यानंतर मात्र मला या वाक्याचा जो राग यायला लागला तो आजतागायत आहे.

रागाला कारण होतं. माझी नणंद, म्हणजे ताई, यांची धाकटी बहीण, अमरावतीला सरकारी दवाखान्यात सिस्टर. हसरी, कामाला वाघ, चर्चच्या गायकवृंदात खालचा सूर धरणारी. तिला तरुणपणी स्थळं काही कमी आली नव्हती. पण सासरे प्रत्येकाला म्हणत, "प्रार्थना करून सांगतो." एक मुलगा फार लांबचा, दुसऱ्याचं मिशन, म्हणजे पंथ, वेगळं, तिसऱ्याची आई तापट. लोक समजून जात आणि दुसरीकडे बघत. पुढे सासरे गेले. सासूबाईंचे गुडघे, मग साखर, मग अर्धांगवायू. सगळं नणंदेनं केलं, आणि कधी तोंड वाकडं केलं नाही. सासूबाई प्रभूच्या घरी गेल्या तेव्हा ताईंनी पन्नाशी ओलांडली होती. अमरावतीच्या आईवडिलांच्या घरात त्या एकट्या, गच्चीवर कुंड्या, दर रविवारी संडे स्कूलची पोरं. सुखी होत्या असं आम्ही सगळे म्हणत असू. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात एका सकाळी एक गृहस्थ आमच्या दारात उभे राहिले. साठीच्या आसपासचे, काळे-सावळे, इस्त्रीचा पांढरा शर्ट. "जय ख्रिस्त," म्हणाले आणि खुर्चीच्या टोकावर बसले. वरूडकडचे. कृषी सहायक म्हणून निवृत्त झालेले, थोडी संत्र्याची बाग, तिथल्या लहानशा मंडळीची देखरेख करणारे. बायको जाऊन काही वर्षं झालेली, एक लेक, ती सासरी. एवढी माहिती त्यांनी एका दमात सांगितली. मी चहाचे कप पुढे ठेवते न ठेवते तोच पुढचं वाक्य आलं.

"भाऊ, मी तुमच्या बहिणीले मागणी घालाले आलो."

मधे कोणी नातेवाईक नाही, पाळकसाहेब नाहीत. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्या माणसाला सवयच नव्हती. यांनी उचललेला कप परत खाली ठेवला.

"तुमी तिले कुठं पाहिलं?" यांनी विचारलं.

"अमरावतीले. हंगामाच्या सणाले."

हंगामाच्या सणाला आमच्याकडे जो तो आपल्या घरचं, शेतातलं पहिलं काही वेदीपुढे आणून ठेवतो आणि उपासनेनंतर आवारात त्याचा लिलाव होतो. ते गृहस्थ संत्री घेऊन आले होते.

"केकवर बोली लागली, कोंबड्यावर लागली," ते सांगू लागले. "एका म्हातारीनं वांगे आनले होते, अर्धे किडके. त्याच्यावर कोनी बोलेच ना. लोकं हसून राहिले होते. तुमच्या बहिणीनं बोली लावली. अन् म्हातारीजवळ जाऊन म्हनलं, मावशी, याचं भरीत मस्त होईन. मी तवाच ठरवलं, इचाराचं."

मला तो माणूस तिथेच आवडला. बायको निवडायला यापेक्षा चांगलं कारण मी तरी ऐकलेलं नाही. माझ्या नवऱ्यानं मला पाहिलं तेव्हा माझ्या वडिलांकडे सायकल आहे का ते विचारलं होतं.

यांनी डोळे खाली केले. मला कळलं आता काय येणार.

"प्रार्थना करून सांगतो."

"बराबर हाय," गृहस्थ आनंदाने म्हणाले. "मी बी करतो. किती दिवस लागतीन?"

हा प्रश्न यांना जन्मात कोणी विचारला नव्हता. हे म्हणाले, "प्रभूची वेळ असते." त्यावर त्या माणसानं अगदी मनापासून मान डोलावली, चहा संपवला आणि गेला.

"झालं," दार लावताना हे म्हणाले. माझं डोकं फिरलं. काहून झालं, असं विचारलं तर म्हणाले, "या वयात? लोक काय म्हणतील? अन् त्यांची मंडळी पण वेगळी." मी म्हटलं, ताईंना तरी सांगा. म्हणाले, "उगाच तिच्या मनात कशाला काही?"

पण झालं नव्हतं. तो माणूस आमच्या पद्धतीत वाढलेला नव्हता. त्याच्या मंडळीत प्रार्थना म्हणजे प्रार्थनाच. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याचा फोन आला. "भाऊ, काही कळलं का?" हे गडबडले. "प्रार्थना सुरू आहे." पुढच्या महिन्यात परत. मग परत. जाब विचारल्यासारखा नाही, तक्रारीचा नाही. शेजाऱ्यानं पावसाची चौकशी करावी तसा फोन.

आणि प्रार्थना काही सुरू नव्हती. मला माहीत होतं, कारण संध्याकाळच्या घरच्या प्रार्थनेला मीच शेजारी बसते. त्यात चर्चचं गळकं छत असायचं, समोरच्यांचा गुडघा असायचा, देशाचे सगळे पुढारी असायचे. सख्खी बहीण तेवढी नसायची. मी एकदा आमेनच्या आधीच बोलले, "एक नाव राहिलं." यांनी डोळे मिटलेलेच ठेवले. शेवटी मी सांगून टाकलं, तुम्ही ताईंना सांगत नसाल तर मी सांगते. देवाचं नाव व्यर्थ घेऊ नये हे आपण पोरांना शिकवतो, ते काय फक्त शपथेपुरतं? हे म्हणाले, "ईस्टर होऊ दे. मीच सांगतो."

ईस्टरपर्यंत थांबायची वेळच आली नाही. उपवासकाळातच, मार्चमध्ये, ताईंच्या दवाखान्यात एक म्हातारी पायाच्या जखमेचं ड्रेसिंग करायला आली. ताईंच्या गळ्यातला क्रूस पाहून विचारू लागली, कोणत्या चर्चच्या, भाऊ कुठे असतात. उत्तरं ऐकली आणि तिनं ताईंचा हातच धरला.

"बाई, तुमीच का त्या! आमी अख्खी मंडळी तुमच्यासाठी दर शुक्रवारी उपास करून राहिलो. तुमच्या भावाले उत्तर भेटलं का नाई अजून?"

त्या माणसानं आपल्या मंडळीला सरळ सांगितलं होतं की अकोल्याचे भाऊ प्रार्थना करताहेत, आपणही करू. आणि ती साधी माणसं, म्हाताऱ्या, मजूर, संत्र्यांच्या पॅकिंगला जाणाऱ्या बाया, नोव्हेंबरपासून आमच्या घराला देवाची इच्छा कळावी म्हणून शुक्रवारी जेवत नव्हती. मला हे कळलं तेव्हा आधी हसू आलं आणि मग ताटावर बसवेना.

ताई पुढच्याच रविवारी अकोल्याला आल्या. जेवल्या, ताट उचललं, हात पुसले आणि यांच्यासमोर बसल्या. ना आवाज चढलेला, ना डोळ्यांत पाणी.

"दादा, तू माह्यासाठी प्रार्थना करून राहिला म्हने."

यांनी हात वर्तमानपत्राकडे नेला.

"केली का तू?"

माझा नवरा भित्रा आहे, पण खोटा नाही. आयुष्यभर त्यानं गोड बोलून वेळ मारून नेली असेल, पण सरळ विचारल्यावर खोटं बोललेलं मला आठवत नाही. सोनारानेच कान टोचलेले बरे, म्हणून मी मध्ये तोंड घातलं नाही. मग हे म्हणाले, "नाही."

लग्नाला एवढी वर्षं झाली, त्यांच्या तोंडून हा शब्द इतका स्वच्छ मी पहिल्यांदा ऐकला. ताईंनीही तो तसाच घेतला. "मंग आता कर," त्या म्हणाल्या.

यांनी तिथेच डोळे मिटले. छत नाही, गुडघा नाही, पुढारी नाहीत. "प्रभू, मी तुझं नाव पुढं केलं अन् त्याच्याआड माझी भीती लपवली. ती गेल्यावर माझं अमरावतीचं घर बंद होईल, ही भीती. मला क्षमा कर. तिचं भलं कर." एवढंच. ताईंनी यांच्या डोक्यावर हात ठेवला, संडे स्कूलच्या पोरांच्या डोक्यावर ठेवतात तसा. मी भांडी घासायला उठले, कारण मला रडताना पाहून हे आणखी रडले असते.

ताई त्या दिवशी हो म्हणाल्या नाहीत. हे मला फार आवडलं. इतर कुठली बाई असती तर रागानं हो म्हणाली असती किंवा संकोचानं नाही. त्या म्हणाल्या, "मले तो मानूस पाहाचा हाय. घर पाहाचं हाय. अन् वैनी, तू संगं ये, तुले मानसं कळतात." देव मार्ग दाखवतो यावर माझा पुरता विश्वास आहे. पण दाखवलेल्या मार्गावर पाय आपल्यालाच टाकावे लागतात, आणि टाकण्याआधी खड्डे बघण्यात श्रद्धा कमी होत नाही.

आम्ही तिघं वरूडला गेलो. संत्र्याच्या मृग बहाराची तोड चालली होती, रस्ताभर ट्रॅक्टर आणि ट्रक, हवेत सालीचा वास. त्यांच्या घराच्या ओट्यावर ती दवाखान्यातली म्हातारी आधीच येऊन बसली होती. आम्हाला पाहून तिनं पहिलं काय विचारलं, तर "या शुक्रवारी जेवाचं का मंग?" गृहस्थांनी तिला हातानं गप्प केलं.

ताईंनी घर पाहिलं. स्वयंपाकघरातले डबे उघडून पाहिले. मी शेजारच्या बाईशी बोलून घेतलं. तिनं सांगितलं, माणूस सरळ आहे, पण हट्टी. लेकीला ताईंनी तिथूनच फोन लावला. ती म्हणाली, बाबांची काळजी मिटेल, पण आईचा फोटो भिंतीवरून काढू नका. ताई म्हणाल्या, "काढनार नाई. आली तरी त्यांच्याच घरात येईन मी." मग बागेत झाडाखाली खुर्च्या मांडल्या आणि ताईंनी त्या माणसाची चांगली हजेरी घेतली, वॉर्डात नवीन पोरीची घेतात तशी.

"माही नोकरी बाकी हाय. सोडनार नाई."

"नका सोडू. मी अमरावतीले येऊन राहीन. बागेले रोज मानूस लागत नाई, तोडीले येत जाऊ दोघं."

"बायको आजारी होती तवा कोनी केलं?"

"मीच. सैपाक बी शिकलो. भाजी बरी होते, पोळी अजून नाई."

"राग येते?"

"येते. भांडं आपटतो." मग त्यांनी पुढे जोडलं, "मंग मीच उचलतो."

ताई हसल्या. मी त्यांना इतक्या वर्षांत असं हसताना पाहिलं नव्हतं. दवाखान्यातलं धीर देणारं हसू वेगळं आणि हे वेगळं. आमचे हे माझ्या शेजारी मान खाली घालून संत्र्याची साल सोलत होते.

त्या गृहस्थांनी आता यांच्याकडे पाहिलं नाही. खुर्ची ताईंच्या समोर वळवली.

"सिस्टर, चुकलं माहं," ते म्हणाले. "मी भावाले इचारलं. तुमाले इचाराले पाह्यजे होतं. आता तुमाले इचारतो."

ताईंची मान सवयीनं आधी भावाकडे वळली. मग त्यांनी ती वळवून घेतली आणि त्या माणसाकडे पाहिलं.

"हो," त्या म्हणाल्या. "मले तुमच्या घरी याचं हाय."

आयुष्यात हा प्रश्न त्यांना स्वतःला पहिल्यांदाच कोणी विचारला होता, आणि उत्तर द्यायला त्यांना मान वळवण्यापुरताच वेळ लागला.