पाहुण्यांसाठी आणलेलं पाणी

लग्नाकार्यात जेवणं आटोपली की नातेवाईक मला मध्ये बसवून घेतात आणि म्हणतात, सांग आता काकूच्या सिनेमाचं. मी सांगतो, पण चादर पडते तिथपर्यंतच. तिथवर लोक हसतात. पुढचं आजवर सांगितलेलं नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बारामतीला कॉलेजात होतो, घर पळसदेवला, उजनीच्या काठावर. जुनं गाव धरणात गेलेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या देवळाचं शिखर वर येतं आणि म्हातारी माणसं काठावर बसून आपलं घर कुठं होतं ते बोटानं दाखवतात. गाव देऊन दारात पाणी आलं, पण येताना वरच्या शहरांची घाण घेऊन यायचं. उन्हाळ्यात ते हिरवं पडायचं, हंड्यात ओतलं की वास मारायचं. काकू दुहेरी फडक्यानं गाळायची आणि आम्ही प्यायचो. त्याच पाण्यानं कावीळ होऊन काकूची मुलगी गेली. सातवीत होती.

पुढल्या वर्षी पुण्याहून एक बाई कॅमेरा घेऊन आली. चांगल्या पाण्यासाठी झगडणाऱ्या गावांवर तिला माहितीपट करायचा होता. काकूनं ठरवलं, लेकीचं सांगायचं. तेवढ्यासाठी ती परक्या माणसांसमोर बसायला तयार झाली.

त्या दिवशी सकाळीच तिनं तात्यांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, सायकलला कळशा अडकवून सोलापूर रस्त्यावरच्या धाब्यावर पिटाळलं. तिथली बोअर गोड होती.

"रोज जमत न्हाय, आज तरी आणा," काकू म्हणाली. "माणसं पुण्यास्नं येत्यात."

"पाण्याचीच तक्रार आन् पाणीच उसनं," तात्या पुटपुटले आणि निघाले.

तांब्या चिंचेनं घासून लख्ख झाला होता. पाहुण्यांना आधी पाणी दिलं आणि मग काकू बोलली. किती तरी वेळ बोलली. कॅमेरा चालू होता.

माहितीपट आमच्याच कॉलेजात दाखवायचं ठरलं, तेव्हा मी हॉस्टेलभर सांगत सुटलो, "माझी काकू हिरॉईन आहे!" दुपारची वेळ. सभागृहाच्या खिडक्यांना पडदे नव्हते म्हणून हॉस्टेलच्या चादरी ठोकल्या. एका चादरीचा खिळा निघाला आणि ती वर धरून उभं राहायचं मानाचं काम मला मिळालं. काकू ठेवणीतलं लुगडं नेसून तात्यांसोबत एसटीनं आली होती.

आमचं गाव पडद्यावर आलं. देवळाचं शिखर, जाळी टाकणारे कोळी, आणि मग काकू. डोक्यावर पदर, हातात चकचकीत तांब्या. पेल्यात पाणी पडतंय, काचेसारखं. मागून आवाज म्हणाला, अडचणीतही या माणसांनी पाहुणचार सोडलेला नाही. आणि लगेच पुढचं गाव.

"तीच! तीच काकू!" मी हात केला, तो नेमका चादर धरलेला. चादर माझ्या डोक्यावर, उजेड पडद्यावर. सगळा हॉल ओरडला.

इथपर्यंत लोक हसतात.

संपल्यावर पुढच्या रांगेतले, तालुक्याहून आलेले एक साहेब म्हणाले, "पळसदेवचं पाणी तर चांगलं दिसतंय की."

काकू उठून उभी राहिली. "ते आमचं न्हाय. धाब्याचं हाय."

माहितीपट करणारी बाईही तिथंच होती, ती गोंधळली. "अहो, मग तुमचंच दाखवायचं ना मला!"

"पाव्हण्याफुडं तसलं पाणी कसं ठिवू, बाई?" काकू म्हणाली. "लेकीफुडं ठिवलं, तेवढं बास झालं. आन् तिचं सांगितलेलं कुठं गेलं?"

"लांबी फार झाली होती," बाई हळू आवाजात म्हणाली. "कापावं लागलं."

मी चादर गुंडाळून छातीशी धरून उभा. मग आभार झाले, चहा आला. काकूनं घेतला नाही.

मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. तात्या समजूत घालत होते, "छान दिसलीस की गं."

"मी दिसले," काकू म्हणाली. "मला काय करायचंय दिसून? पोरगी न्हाय दिसली कुठं."

दिवाळीला घरी गेलो. काकूनं तांब्या पुढं केला. मी नकळत आत डोकावलो आणि तिनं ते पाहिलं.

"पी. धाब्याचं हाय. सकाळीच आणाय लावलं. तू आता शिकाय गेलास, पाव्हणाच की."

"आणि तू कुठलं पितेस?"

ती चुलीकडं वळली. "मला काय हुतंय," म्हणाली, आणि फडकं पिळून हंड्याच्या तोंडावर पसरलं.