बन्सोड सर आणि पांढरं लुगडं

बन्सोड सरांची आणि माझी ओळख रागावण्यातूनच झाली. यवतमाळच्या आमच्या संग्रहालयात मी जतन विभागात साहाय्यक म्हणून रुजू झाले आणि आल्या आल्या एका बंजारा घागऱ्याला हात लावला. "मॅडम, आधी बांगड्या काढा. धागा अडकला तर काय करान?" सर म्हणाले. मला असा राग आला! नोकरीचा पहिला दिवस, आणि हे खेकसतात काय!

पुढे कळलं, सर वस्तूंवर जीव टाकतात. वाळवीनं पोखरलेला एक लाकडी खांब त्यांनी सुईनं भुसा काढत काढत वाचवला. कोणत्या वस्तूवर काय केलं ते नोंदवहीत लिहीत, स्वतःची चूकसुद्धा. "वही खोटी लिहाची असन तर हे काम सोडा," असं आम्हाला बजावत.

यापुढचं सरांच्या पंचाहत्तरीच्या गौरव समितीला आवडणार नाही. पण समितीची अध्यक्ष मीच आहे, तेव्हा गौरव अंकात छापलं जाईल.

बाभुळगावला सरांच्याच वस्तीतल्या एका आजींनी आम्हाला पांढरं लुगडं दिलं होतं. छप्पन साली धम्मदीक्षेसाठी त्या नागपूरला गेल्या, ते हेच नेसून. काठाला तिथली माती लागली होती. ती त्यांनी जन्मभर धुतली नव्हती. माती तशीच राहील असा सरांनी शब्द दिला म्हणून लुगडं घराबाहेर आलं. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार होते, सर त्याच दिवशी रजेवरून परतणार होते, आणि मला ते लुगडं मळकट वाटलं. मी ते साबणानं धुतलं. वर नीळ दिली! कुणी सांगितलं नव्हतं, माझीच अक्कल.

पाहुण्यांनी कौतुक केलं. आजी काचेसमोर थबकल्या. "माती कुठी गेली रे, बापू?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. "माह्या हातून धुतल्या गेलं, माय," ते म्हणाले. वहीतही तसंच लिहिलं. मी तोंड उघडलं नाही.

वस्तीनं सरांना माफ केलं नाही. "नोकरीत मोठा झाला अन् आपलीच माती धुऊन टाकली," असं लोक तोंडावर बोलले. जयंतीचं बोलावणं बंद झालं. आजी वारल्या तेव्हा सरांना खांदाही देऊ दिला नाही. मी मात्र कायम झाले, पुढे प्रमुख झाले. एकदा धीर करून विचारलं, "सर, सांगून टाकू का?" "कायले? माती वापस येते काय?" म्हणाले आणि कामाला लागले. मला ते सोयीचंच होतं. माझी मलाच किळस येते.

परवा हा लेख घेऊन आजींच्या मुलाकडे गेले. त्यांनी तो उभ्यानंच वाचला.

"हे माय जित्ती असतानी काहून नाई सांगतलं?"



सर, पंचाहत्तरीच्या शुभेच्छा. आपल्याला उदंड आयुष्य लाभो. वस्तीतून बोलावणं यायला उशीर लागला, तरी ते येईल त्या दिवशी आपल्या पायांत तिथवर चालत जाण्याची ताकद असो.