सात बाटल्या गुलाबपाणी

माझ्या हातचं गुलाबपाणी एका लग्नात कूलरमध्ये ओतलं गेलं, हे मी अजून कुणाला धड सांगितलेलं नाही. सांगायला गेले की ऐकणाऱ्याला हसू येतं, आणि मला ते हसू सहन होत नाही.

पाटोद्याच्या आमच्या घराच्या अंगणात गावठी गुलाबाची चार झाडं आहेत. फूल लहान, फिकट, दुपारपर्यंत पाकळ्या गाळून मोकळं होणारं. हारवालासुद्धा ते फुकट घेणार नाही. पण वास म्हणावा तर त्यालाच. माघापासून झाडं लगडतात, तेव्हा ऊन वर यायच्या आत मी फुलं तोडते. वीस वर्षं या कामाला शेजारीण माझ्या जोडीला असायची. आमची भिंतीला भिंत, आणि ती नुसती शेजारीण नव्हती, माझी एकुलती एक मैत्रीण होती. तिची मुलगी तर आमच्याच ओट्यावर मोठी झाली. मला दोन्ही मुलगे. पाकळ्या निवडायला बसवलं की त्यांना पोटदुखी सुरू व्हायची. ही मात्र शाळेचा गणवेश घालून यायची आणि देठ, किडे, कोळ्याची जाळी असं सगळं बाजूला काढत गुपचूप बसायची. ती माझीच, असं मी मनात धरून चालले होते. चूक तिथेच झाली असावी.

गुलाबपाणी करणं अवघड नाही, पण घाई चालत नाही. मोठ्या पातेल्यात मधोमध एक वाटी पालथी घालायची, तिच्यावर दुसरी सुलटी ठेवायची. भोवती पाकळ्या, पाकळ्या बुडतील इतकंच पाणी. वर झाकण उलटं ठेवायचं, कडेला भिजवलेली कणीक लिंपायची आणि झाकणात बर्फ टाकायचा. खाली मंद आच. वाफ झाकणाला लागून गार होते आणि मधल्या वाटीत थेंब थेंब गळते. पहिलं वाटीभर निघालं की गॅस बंद. हावरटपणा करून आणखी काढायला गेलात तर उकडलेल्या भाजीचा वास येतो. म्हणून टोपलीभर फुलांचं हाती लागतं ते एवढंसंच.

शेजारणीच्या मुलीचं लग्न परळीच्या व्यापारी घरात ठरलं. त्या दिवशी ती पेढे घेऊन आली आणि म्हणाली, "मावशी, माझ्या लग्नात दारात तुझंच पाणी शिंपडायचं. इकतचं न्हाई चालणार."

झालं, मी हुरळले. त्या साली घरात कुणाला तोंडाला लावायलासुद्धा थेंब दिला नाही. सख्ख्या बहिणीला "फुलंच नाहीत" असं खोटं सांगितलं. वैशाखापर्यंत सात बाटल्या भरल्या. सॉसच्या जुन्या बाटल्या, लेबलं घासून काढलेल्या, झाकणाखाली पांढऱ्या कापडाची चकती. लग्नाच्या आदल्या दिवशी त्या मी शेजारणीच्या हवाली केल्या.

कार्यालयाच्या दारात दोन मुली गुलाबदाणी घेऊन उभ्या होत्या. माझ्या हातावर चार थेंब पडले आणि मी जागीच थांबले. तो वास माझा नव्हता. गोडमिट्ट, उग्र, नाकात चिकटून बसणारा, उदबत्तीच्या दुकानातून आल्यासारखा. मी काही बोलणार तोच शेजारणीनं माझा दंड धरला आणि मला विहीणबाईंपुढे उभं केलं. "ह्या आमच्या शेजारीणबाई. गुलाबपाणी घरचं हाय, ह्यांनीच केलंय."

विहीणबाई म्हणाल्या, "लई झकास वास हाय बघा. दुकानातल्याला मागं टाकलं तुमी."

मी शेजारणीकडे पाहिलं. ती दुसरीकडेच बघत होती. आणि मी, जी भाजीवाल्याशी मापावरून भांडते, ती मूग गिळून उभी राहिले. जेवणाच्या पंगतीपर्यंत पाच-सहा बायकांनी माझं कौतुक केलं. त्या परक्या वासाचं कौतुक मी मान हलवून घेत राहिले.

नंतर वरपक्षाच्या खोलीत कुणाला तरी पाणी द्यायला गेले. कूलरशेजारी माझ्या सहा बाटल्या रिकाम्या पडल्या होत्या. सातवी नवऱ्या मुलाचे काका कूलरच्या टाकीत ओतत होते. "मुलीकडच्यांनीच दिलंया," ते खुशीत म्हणाले. "गार वारं येतंय अन् वासबी येतो."

दुसऱ्या दिवशी मी शेजारणीला विचारलं. ती भांडी मोजून घेत होती. मान वर न करता म्हणाली, "पाव्हण्यांना उग्र वासाची सवय. तुझ्या पाण्याचा वास गर्दीत कुणाला आला असता?"

"मग माझं नाव कावून घेतलंस?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

"अन् हे सुचलं कुणाला?"

"मलाच," ती म्हणाली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तेव्हापासून मी अबोला धरला. वीस वर्षं एकमेकींकडे विरजण मागणाऱ्या आम्ही, पण आता मी तिला पाहिलं की दार लावून घ्यायला लागले. ती दोनदा आली, दोनदा मी आतून "कामात आहे" म्हणाले. कडू वाटायचं, पण माझंच खरं आहे याचा एक आधारही वाटायचा.

पंचमीला मुलगी माहेरी आली. हातभर बांगड्या, अंगावर थोडं मांसही आलेलं. आली तशी माझ्या स्वयंपाकघरात शिरली, चहा घेतला आणि चेहऱ्याला लावायला गुलाबपाणी मागितलं.

"कूलरला हवंय का?" मी म्हटलं. मला राहवलंच नाही.

ती हसली. "ते व्हय? अगं मावशी, ते मीच आईला सांगितलतं. सासरचे मोठे लोक, घरच्या पाण्याला वास न्हाई म्हनून हसले असते. आई लई भांडली माझ्यासंगं. म्हनली, मावशीला काय सांगू? मी म्हनलं, सांग काहीबी."

हे सगळं तिनं बशीत चहा ओतता ओतता सांगितलं. तिला यात काही वावगं वाटलं असेल, अशी एक रेघही तिच्या चेहऱ्यावर दिसेना.

ती गेल्यावर मी अबोल्यानंतर पहिल्यांदा भिंतीपलीकडे गेले. शेजारीण पुरणाचे दिंड वळत होती. मी म्हटलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"तिच्यावर रागावली असतीस," ती म्हणाली. "माझ्यावर रागावलेली चालती की."

तिला चालत होतं. मला काय चालेल हे त्या मायलेकींनी परस्पर ठरवून टाकलं होतं, आणि तीन महिने मी त्यांनी दिलेला राग वागवत बसले होते. आता शेजारणीवर रागावायची सोय उरली नव्हती. मुलीवर रागवावं, तर आमच्याकडेही पंचमीचं ताट वाढायचं होतं, आणि ती म्हणून गेली होती की आज मावशीकडेच जेवणार.