नाळेतली तक्रार

समजा, तुमच्या हातात सुई आहे. समोर नुकतीच कापलेली नाळ, साबणासारखी निसरडी. तिच्यातलं रक्त गोठायच्या आत नळीत भरायचंय. जमेल?

सुकेशनीला जमायचं. खुलताबादजवळच्या मेंढपाळाघरची ही मुलगी शहरातल्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन होती. बाळ पोटात असतानाच त्याच्या अंगात डोळ्यांना न दिसणारी सूज चढली असेल, तर तिच्या खुणा नाळेतल्या रक्तात सापडतात. सुकेशनी त्यांना ‘बाळाची पहिली तक्रार’ म्हणायची.

त्या दुष्काळी उन्हाळ्यात शेंद्र्याची एक बाई तापानं फणफणत बाळंत झाली. त्रास बाळापर्यंत पोचलाय का, यावर त्याचं औषध ठरणार होतं. पण दारात सासू सारजाबाई, मडकं पोटाशी धरून उभी. तिला रिवाजाप्रमाणे बाळाची वार अंगणात पुरायची होती, तीही नाळेसकट.

“एक थेंब काढू देनार नाय! लेकराचं रगत हाय ते.”

“आजी, लेकराचं लेकरापाशी हाय. ऐका, कसं बोंबलतंय! हे उरलेलं.”

“उरलेलं म्हनं! उष्टं हाय का?”

दवाखान्यातली आया आवडाबाई पदराआड हसली. इकडे रक्त गोठायला आलेलं. सुकेशनीनं डाव बदलला.

“मडकं पुरणार कुठं?”

सारजाबाई गडबडली. अंगण कारखान्याच्या रस्त्यात गेलेलं, उरलेल्या जमिनीत पहार शिरत नव्हती.

“टँकर कुठं थांबतो तुमचा?”

“लिंबापाशी. लई गळतो मेला.”

“मग तिथली माती मऊ असंल की!”

सारजाबाईचा चेहरा उजळला. “व्हय की गं! घे तुझं रगत. पर बिगीनं.”

नळी भरली, वार मडक्यात गेली. तपासणीत सुजेच्या खुणा चढलेल्या निघाल्या. डॉक्टर वैदेहींनी बाळाला लगेच औषध सुरू केलं, आणि बाळ असं सुधारलं, की त्याच्या रडण्यानं अख्खा वॉर्ड जागा राहू लागला.

घरी जाताना सारजाबाई लॅबच्या खिडकीशी थांबली.

“पोरी, आत कवापासून तापलं हुतं गं माझं लेकरू? सून टँकरमागं पळायची, तवापासून का?”

नळीत फक्त जन्माची घटका सापडते, मागचे महिने नाही.

“ते रक्त सांगत नाय, आजी.”

“मग इचार की त्याला!”

तेव्हापासून प्रत्येक नळी उजेडाकडे धरून सुकेशनी हळूच विचारते, “कधीपासून रे चिडला होतास तू?”